बारा तासांची नोंद

३ मार्च
पुन्हा फुलंच! चौदावी खेप. हव्यात तारा — मँगनीज ऑक्साइडच्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या बारीक. ऑगस्टमध्ये मी स्वतः केल्या होत्या. त्यांचं बॅटरीचं इलेक्ट्रोड हजारदा चार्ज केलं तरी दमलं नव्हतं. मुंगीच्या हातून मात्र पाकळ्या-पाकळ्यांची फुलं निघतात, आणि चार्जिंगच्या दोनशे फेऱ्यांत त्यांचा भुगा.
मुंगी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. मान वर न करता राबते, म्हणून हे नाव.
कृती माझ्या वहीत स्वच्छ आहे: तेच क्षार, तेच बंद पोलादी भांडं, १४० अंश, बारा तास. मग चुकतंय कोण?

७ मार्च
मुंगीला सगळ्यांसमोर झापलं. नोंदवहीशी इमान राखणं म्हणजे काय, यावर अर्धा तास बोललो. एकदा पेटलो की मला थांबता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "सर, वेळ जरा बदलून पाहू?"
"आधी लिहिलंय ते नीट कर."
वीस तारखेला पीएचडीची आढावा समिती. तिचं पाचवं वर्ष. निकाल जुळला नाही तर नोंदणी रद्द. मला काळजी कुणाची — तिची, की माझ्या छापून आलेल्या शोधनिबंधाची?

८ मार्च
झोप नाही.

१२ मार्च
क्षार बदलले, पाणी बदललं. फुलं.

१६ मार्च
जेवताना ताईला समितीपुढचं भाषण म्हणून दाखवत होतो. ती म्हणाली, "लांबवू नकोस बाबा. ऑगस्टात शिक्षकांच्या सभेला वीस मिनिटं म्हणून गेलास. नऊला प्रयोगशाळेत पोचणार होतास, पोचलास एकला. मी आपली ताट झाकून बसलेली."
घास तोंडातच राहिला.
त्या तारांचं भांडं सभेच्या आदल्या रात्री नऊला भट्टीत ठेवलं होतं. सकाळी नऊला काढायचं. सभा आठची. टाळ्या पडत गेल्या, मी बोलत गेलो. काढलं ते एक वाजता — सोळा तास! आणि 'बारा तास' ही ओळ? ती मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलेली. नेहमीच ठेवतो. वेळ वाचतो म्हणे!
एवढी पुस्तकं वाचली. स्वतःची वही नाही वाचली.

१८ मार्च
स्वतः सोळा तास ठेवून पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली तारांचं रान! बारा तासांना पाकळ्या असतात. आणखी चार तास मिळाले की त्यांच्याच तारा होतात. इतकं साधं.
अजून कुणाला माहीत नाही. 'वेळेत किरकोळ सुधारणा' म्हणून खपवता येईल. शी!

२० मार्च
भाषण केलं नाही. उभा राहिलो, वही उघडून समोर ठेवली. "चूक या ओळीत आहे, तिच्या हातात नाही." आयुष्यातलं सर्वांत छोटं बोलणं. मुंगीची नोंदणी टिकली. शोधनिबंधाची दुरुस्ती छापावी लागेल, माझ्या नावासकट. टाळ्या नाहीत.

२१ मार्च
मुंगीची वही आज पहिल्यांदा नीट वाचली. २४ फेब्रुवारी: सोळा तास. तारा. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात — 'सरांना कोण सांगणार?'