निळ्यातली हिरवी रेघ

मंगळवार, सकाळी

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी गुडघेदुखी आणि वहिनीची चिडचिड कमी झाली असेल. माझं अक्षर तेच, कोंबडीचे पाय. तिसरीत शाळा सुटली, अक्षरही तिथेच थांबलं. नावं ठेवू नकोस.

मुद्द्याचं लिहिते. तुझ्या भाचीने डॉक्टरकी अर्धी सोडली, तेव्हा तू माझ्या दारात उभा राहून म्हणालास, "रंगारीण झाली पोरगी. चित्रं काढून कुणाचं दुखणं बरं झालंय?" मी तुला चहासुद्धा विचारला नाही, आणि तू परत फिरकला नाहीस. आता उत्तर ऐक.

तिच्या इस्पितळात एक बाई आली. लाँड्रीत इस्त्री करणारी, तोंडाने फटकळ, जिना चढताना धाप लागणारी. तिला मशीनमध्ये घातलं. ते मशीन आकडे देतं रे. हृदयातल्या मोहरीएवढ्या प्रत्येक जागी रक्त किती पोचतं, त्याचे ढीगभर आकडे. ते वाचत बसलं तर बाई वर जाईल. तुझी रंगारीण त्या आकड्यांना रंग देते. रक्त भरपूर तिथे लाल, बेताचं तिथे हिरवं, नाही तिथे निळं. मग अख्खं हृदय पडद्यावर गरगर फिरतं, पोत्याएवढं!

एक डॉक्टर म्हणाला, "खालचा भाग मेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही, गोळ्या द्या." त्याच्या कागदावरचा आकडाही तेच सांगत होता. पण चित्रात निळ्याच्या मधोमध एक बारीक हिरवी रेघ होती.

"सरासरी काढली की ही रेघ बुडते, सर," पोरगी म्हणाली. "हे मांस मेलेलं नाही, उपाशी आहे. रक्त मिळालं तर उठेल."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "स्वतःची आई आहे म्हणून तर रेघ दिसत नाही ना तुला?"

घ्या. लिहून गेले. आता खोडत नाही. ती बाई मी.

पोरगी चिडली नाही. तिने तेच आकडे तिच्यासोबत काम करणाऱ्या पोराला दिले, कुणाचे ते न सांगता. "तू काढ," म्हणाली. त्याने काढलं. रेघ तिथल्या तिथे! मग पोरगी बोट दाखवत होती आणि सगळे डॉक्टर त्या बोटामागे माना वळवत होते. मी गाऊन घालून खुर्चीत बसले होते, पण छाती अशी फुगली की परत त्या मशीनमध्ये मावले नसते.

माझी फजितीही सांगते. चित्राचा छापील कागद घेऊन मी वॉर्डभर मिरवले. "लाल तेवढं तापलंय बायांनो, बाकी निळं बघा कसं थंडगार, निवांत." पोरीने कपाळाला हात लावला. "आई, उलटं! निळं म्हणजे रक्तच नाही. हा काय तुझ्या इस्त्रीचा दिवा आहे?" आता जन्मभर लाल दिसलं की हात मागे घेणारी मी, मला काय ठाऊक!

शुक्रवारी ऑपरेशन आहे. भीती वाटत नाही असं लिहिणार होते. वाटते.

पण दादा, आजारी बहिणीला बघायला म्हणून डोळे पुसत येऊ नकोस, मला खपणार नाही. चित्र बघायला ये. तळमजल्यावर तिच्या खोलीत भिंतभर लावलंय. ती समजावून सांगेल, तू मध्ये बोलू नकोस. सगळं बघून झाल्यावरही रंगारीण म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हण. इथे सगळे म्हणतात, मीच सांगितलंय.

शुक्रवारच्या आधी ये. चहा विचारीन.

त्या हिरव्या रेघेच्या भरवशावर असलेली,
तुझी धाकटी