मेणाच्या वडीतला एकच काप

गडमुडशिंगी, ४ फेब्रुवारी २०२५

चि. निशिगंधावन्संस,
क्रांतीचे अनेक आशीर्वाद. फोन हातात घेतला की तुमचे दादा दारात येऊन उभे राहतात, म्हणून लिहितेय. चार महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही मानेची गाठ तशीच हाय. शिरोलीच्या फौंड्रीत जातात, पण भट्टीपुढं उभं राहवत न्हाय. गाठीचा कापून काढलेला तुकडा तपासून तपासून संपत आला. टीबी का दुसरं काही, डॉक्टरांनाच ठरवता येईना. पुन्हा सुरी लावू देणार न्हाय, असं तुमचे दादा म्हणतात. उरलेला तुकडा मेणाच्या वडीत घालून दवाखान्यानं दिलाय, तो माझा भाऊ राजवीर घेऊन येतोय. तुमच्या प्रयोगशाळेत काही दिसतंय का बघा. मला लई भ्या वाटतंय.
तुमच्या मायेवर विसंबलेली,
क्रांती

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. क्रांतीवहिनींस,
सा. न. वडीतून एकच धड काप निघाला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पेशींवरच्या प्रथिनांवरून रोग ओळखतात; एरवी एका कापावर एकदोनच दिसतात. आम्ही रंग लावतो, फोटो काढतो, धुतो, पुन्हा नवा रंग लावतो. अशी तीस प्रथिनं त्याच पेशींत एकत्र बघता येतात. दादाचा तुकडा म्हणून काम मी सहकारी अदितीकडे दिलं. पाचव्या धुण्याला कापाचा कोपरा काचेवरून सुटला. तिनं मला बाहेर पाठवलं. मी जिन्यात बसून राहिले.
काप टिकला. साध्या पेशींच्या गर्दीत अकरा मोठ्या पेशी दिसल्या. त्यांच्यावरची प्रथिनं टीबीत अशी एकत्र नसतात. वहिनी, हा कर्करोग वाटतो. पक्कं करायला नवा तुकडा लागेल. हा प्रकार बहुधा बरा होतो, असं इथले डॉक्टर म्हणतात. तरी माझी भीती जात नाही. दादाला कसं सांगायचं, तुम्हीच ठरवा.
तुमचीच,
निशिगंधा

गडमुडशिंगी, १८ फेब्रुवारी

चि. निशास,
आशीर्वाद. क्रांतीनं पिठाच्या डब्यामागं ठेवलेलं तुझं पत्र मला गावलं. ती मला बघून हसतीय, मीबी हसतोय. वीस वर्षं तापलेलं लोखंड ओतलं, कधी भ्यालो न्हाय. आता दाढी करताना गाठीला बोट लागलं की वस्तरा खाली ठेवतोय. दुखतंय म्हणून सुरीला न्हाय म्हणत नव्हतो गं, काय निघंल त्याला भीत होतो.
गुरुवारी तुकडा द्यायला जाणार हाय. पत्र वाचल्याचं क्रांतीला आज सांगतो. तू ये. मला आत न्हेईपर्यंत जवळ बस. काही बोलू नको.
तुझा,
विजयसिंहदादा