सीटखालचे रिकामे पुडे

लोरेटा,

ट्रूडीला तिच्या स्काउट पथकाची बिस्किटं विकायला आज दुकानापाशी तूच ने. मी चालायला गेलोय म्हणून सांग.

ती मला एकही पुडा विकत नाही. "बाबा, तुमचं डाएट चालू आहे," म्हणते. म्हणून आठवडाभर मी दुसऱ्या पथकाच्या मुलींकडून मिंटची बिस्किटं घेतोय आणि गाडीतच संपवतोय. त्या मुलीही आज तिथेच टेबल मांडणार आहेत, आणि आता त्या मला लांबूनच नावाने हाक मारतात.

ट्रूडी गाडीत बसायच्या आत माझ्या सीटखालचे रिकामे पुडे तेवढे काढ. मला काय बोलायचं ते बोल, फक्त तिच्यासमोर नको. सकाळी तिने फ्रिजवरच्या डाएटच्या तक्त्यात माझ्या नावापुढे आणखी एक चांदणी चिकटवली. मी तिला थँक्यू म्हणालो.

ड्वेन