वाळलेल्या झाडाचा घेर

५ मार्च

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? दादाकडच्या तिसऱ्या मजल्यावरून एकटे खाली उतरता, अशी वहिनीची तक्रार आहे. मी अर्थातच तिची बाजू घेतली.

इथे आपण लावलेल्या जंगलाच्या वीस वर्षांच्या नोंदी एकत्र करतेय. अहवाल बघून संस्थेचे साहेब ठरवणार, समोरचा बोडका उतार लागवडीला आपल्याला द्यायचा की नाही. त्यात एक भानगड सापडली. एक्केचाळीस नंबरचं झाड आठ वर्षांपूर्वी वाळलं, तुम्हीच तसं लिहिलंय. तरी तुम्ही दर वर्षी त्याचा घेर मोजलात आणि वहीत तो दर वर्षी वाढलाय. आधी मी पोट धरून हसले. मग बाकीच्या झाडांचे आकडे पाहिले, तेही असेच फुगलेले असणार हे लक्षात आलं आणि हसू पळालं. बाबा, तुम्ही टेप नेमकी कुठे लावत होतात?

तुमची,
बुटकी

१२ मार्च

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

टेप छातीच्या उंचीवर लावायची, हे शेंबडं पोरही सांगेल. मी शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लावायचो. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं ठणकावून लिहिणार होतो. तेवढ्यात सूनबाई म्हणाली की हल्ली माझे शर्ट गुडघ्याला टेकतात. तुझ्या दादाने भिंतीशी उभं करून मोजलं, तर जुन्या ओळखपत्रावरच्या उंचीपेक्षा चार बोटं कमी भरलो. पाठ वाकली, बटण खाली आलं, आणि खाली बुंधा जाडच असतो.

फार वाईट वाटलं गं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी अहवालात हे सगळं लिही. उतार हातचा गेला तर गेला.

आणि वाळलेलं झाड का मोजत राहिलो, ते विचारू नकोस. तुझ्या आईने लावलेलं होतं. ते टाळून पुढच्या झाडाकडे जाववेना.

तुझा,
बाबा

१९ एप्रिल

ती. बाबा, सा. न.

तुमची पाठ अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे, रागावू नका. आईच्या झाडावर मी टेप हळूहळू वर सरकवत नेली. ते वाळलं त्या वर्षीचा आकडा जिथे जुळला, तिथे थांबले. तेव्हा तुम्ही ताठ होतात. तेवढ्या उंचीवर सगळ्या झाडांना लाल पट्टा रंगवून पुन्हा मोजणी केली. वहीत दिसतं तेवढं जंगल वाढलेलं नाही. पण वाढलंय, बाबा, चांगलं वाढलंय.

साहेबांनी आधी कान उपटले, मग उतार दिला. अट एकच, तिथलं झाड माणसाएवढं झालं की लगेच पट्टा रंगवायचा.

तो लाल पट्टा माझ्या हनुवटीशी येतो. शिकायला परगावी निघताना तुमच्या गळ्यात पडले की बटण नेमकं इथेच टोचायचं. परवा आईच्या झाडाभोवती टेप धरली तेव्हा ते आठवलं, आणि बराच वेळ हात सोडवेना.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
बुटकी