रानडुकराच्या जबड्याखालची रेघ

३ मार्च, मंगळवार

आलं! नाणेवाल्याचं पाकीट आलं. आत कापूस, कापसात कागद, कागदात — करंगळीच्या नखाएवढं चांदीचं नाणं. किझिकस नावाच्या जुन्या ग्रीक बंदराचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला रानडुकराचं पुढचं अर्धं अंग, पाठीमागे उभा मासा. दुसऱ्या बाजूला जबडा वासलेला सिंह. वजन ग्रॅमभरही नाही!

ही म्हणाली, "एवढ्याशा नाण्यात तेव्हा तरी काय येत असेल?" भिंग हातात दिलं. बघितलं आणि म्हणाली, "डुक्कर भलतंच चिडलंय हो!"

चाळीस वर्षं मी पदकांचे ठसे कोरतोय. पोलादात, उलटे. माझ्याकडे दिवा आहे, भिंग आहे. त्या कारागिराकडे काय होतं? मानेवरचे केस नुसत्या ठिपक्यांचे. मोजले — अकरा. एकही शेजारच्याला चिकटलेला नाही. हात जोडावेत असं काम!

५ मार्च, गुरुवार

शिंक आली आणि अडीच हजार वर्षं फरशीवर! अर्धा तास आम्ही दोघं गुडघ्यांवर. शेवटी हिच्या चपलेत सापडलं.

११ मार्च, बुधवार

डुकराच्या जबड्याखाली एक बारीक तिरकी रेघ आहे. आधी वाटलं, दाढी असेल. आज उजेड पडला — कोरणी घसरलीय! एवढा तयारीचा माणूस, त्याचीही घसरली. आणि त्यानं ती तशीच राहू दिली.

फार बरं वाटलं. का, ते फक्त इथं लिहितो. गेले तीन आठवडे माझा उजवा हात थरथरतोय. कोरणी धरली की अंगठा ऐकत नाही. कोणाला सांगितलेलं नाही. होड्यांच्या क्लबच्या पन्नाशीचं पदक हातात आहे. ते एकदा पार पडू दे, मग सांगीन.

१९ मार्च, गुरुवार

दुसरं नाणं! तेच डुक्कर, तोच मासा — आणि जबड्याखाली तीच तिरकी रेघ! म्हणजे ठसा एकच. फक्त यात कानापासून एक केसासारखी चीर उमटलीय. मारून मारून ठसा तडकत चालला होता.

दुकानात लेकीला दाखवलं. ती शेजारच्या टेबलावर ट्रॉफ्यांवर नावं कोरते. नावं कोरून कोरून कंटाळत कशी नाही, कोण जाणे. मी दोन्ही नाणी पुढे ठेवली.

"बाबा, एकाच ठशाची आहेत ही!"

"कशावरून?"

"दोनदा कोरलं असतं तर दोनदा अगदी तिथंच कोरणी कशी घसरेल?"

काय डोळा आहे पोरीचा! कोरणी घसरलीय हे कळायला मला आठ दिवस लागले, तिला घोटभर चहाइतका वेळ.

२८ मार्च, शनिवार

घसरली. क्लबच्या पदकावरच्या दीपस्तंभाची तिसरी पायरी — अंगठा थरकला आणि कोरणी सरळ लाटांत. नव्यानं कोरायला वेळ नाही. किझिकसवाल्याची आठवण काढली आणि ठसा तसाच ठेवला. निघताना लेकीला म्हटलं, "ठसा भट्टीत कडक करायला देऊन टाक." "देते," म्हणाली. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

पदकं पोचली. क्लबचे सेक्रेटरी स्वतः आले. "अजूनही तुमच्या हाताला तोड नाही!" एक नमुना मला भेट देऊन गेले. घरी येताना शीळ घातली. ही म्हणाली, "अहो, वय बघा."

६ एप्रिल, सोमवार

नमुना आज भिंगाखाली धरला. तिसरी पायरी बघवणार नाही म्हणून चार दिवस टाळलं होतं.

घसरलेली रेघ नाही! पायरी किंचित खोल घेतलीय, लाट तिच्यापर्यंत आणलीय, आणि त्यात माझी चूक अलगद गिळून टाकलीय. असं सुचायला नुसता हात पुरत नाही. डाव्या लाटेचा शेवट मी वळवतो तसाच वळवलाय. कोणीही म्हणेल, माझीच रेघ. माझी नाही.

७ एप्रिल, मंगळवार

लेकीला सरळ विचारलं. "क्लबचा ठसा तू दुरुस्त केलास ना?"

"हो, बाबा."

"आणखी कुठला?"

ती कोरणी पुसत राहिली. "सगळेच. दीड वर्ष झालं."

दीड वर्ष! आणि हात थरथरतो, हे मला कळून दोन महिनेही झालेले नाहीत.