काविळीचा पाला

आबा, तुम्ही गेलात तेव्हा माझा थोरला अंगणात रांगत होता, आता त्याच्या पोरीला बघायला पाहुणे येऊ लागले. एवढ्या वर्षांत तुमच्या नावानं मी रडत बसले नाही आणि आजही त्यासाठी बसलेली नाही. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर वेडंवाकडं, तरी तोंडानं कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहिते. तुमचा धाकटा, माझा भाऊ, पित्तनलिकेच्या कॅन्सरनं गेला. त्याला इलाजाची एक संधी आली होती आणि ती मी घालवली.

काविळीचा पाला तुम्ही मला दिलात. रविवारी, अनशापोटी, ताकातून. लहानपणी मी ते झुडूप मैत्रिणीला दाखवलं तेव्हा चुलीपुढं बसवून माझा कान पिळला होतात. "जीभ लई चालती तुझी. पाल्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचा गुण गेला." तरी शेवटी दिलात तो मलाच. धाकटा त्याला हसायचा. गाव म्हणालं, लेकीला कुणी देतं का असलं? मी जी ताठ झाले ती झालेच. तेव्हापासून दर रविवारी माणसं ओट्यावर यायची, माझ्याहून मोठीही वाकून पाया पडायची.

लातूरला पाणी रेल्वेनं आणलं त्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले. तो उदगीरला, नवा जिल्हा झाला पाहिजे म्हणून मोर्चे काढण्यात दंग. आला ओट्यावर. मी म्हणाले, "आता हसत न्हाईस होय पाल्याला?" तो म्हणाला, "आक्का, टोमणे संपव अन् ताक दे." तीन रविवार दिलं. पिवळं उतरेना, खाजवून खाजवून अंग रक्ताळलं, तेव्हा त्याची लेक आली. ती नांदेडला नर्स आहे. त्याला सोबत घेऊन गेली. तिथं कळलं, पित्ताची नळी गाठीनं बुजली आहे आणि ऑपरेशन होण्यासारखं नाही. नळीत नळी घातली, पिवळं उतरलं.

पोरगी हटली नाही. नव्या औषधांच्या चाचण्या कुठं चालल्यात त्याची सरकारी यादी मोबाईलवर असते म्हणे. ती काढून बसायची, एकेक दवाखान्याला फोन लावायची. एकीकडं भरती बंद, एकीकडं दुसऱ्याच जातीची गाठ पाहिजे. शेवटी हैदराबादहून या म्हणाले. भाऊ म्हणाला, "म्हणजे आता मी उंदीर." ती म्हणाली, "उंदराला विचारत नसतात, बाबा. तुम्हाला समजावून सांगतील, पटलं तर सही करायची, नको वाटलं तर मधूनच उठून यायचं." डॉक्टरनं समजावलं की नेहमीचं औषध सगळ्यांना, नवं मात्र अर्ध्यांनाच, आणि कुणाला ते मशीन ठरवणार. भाऊ हसला. "आमच्या जिल्ह्यासारखंच हाय की. यादीत नाव आलं तर आलं."

गाठीचा तुकडा तपासायला गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं, लिवरचे आकडे ठरल्याच्या आत पाहिजेत, दुसरं कसलंच औषध पोटात जाता कामा नये. उदगीरला नळ कोरडे, माझ्या गावात टँकर तरी यायचा, म्हणून तो माझ्याकडं राहिला. अंगणात कढीपत्ता वाळला, लिंबोणी वाळली. ते एक झुडूप मी भांड्यांच्या धुवणावर जगवलं होतं. पिवळं त्यांच्या नळीनं उतरलं, मूळ आपला पाला काढील, असं मनानं घेतलं. त्याला न सांगता भाकरीच्या पिठात मळून घातला. रविवारचा नेमही पाळला नाही, रोज घातला.

हैदराबादला आकडे दुप्पट निघाले. डॉक्टर कोवळा, माझ्या लेकाहूनही लहान. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला. "झाडपाला काही दिला का? मी रागावणार नाही. नाव सांगा, बंद करू, थोडं थांबू आणि पुन्हा तपासू." भाऊ माझ्याकडं बघतो. त्याला चव कळली असणार, तुमच्याच घरात वाढलेला तो. मी म्हणते, "न्हाई. आमच्यात तसलं कुणी घेत न्हाई." भाऊ डॉक्टरला म्हणतो, "आक्का म्हणती तर न्हाई."

मग त्यांना वाटलं, आतली नळी तुंबली. ती बदलली, त्यात ताप भरला. आकडे खाली येईस्तोवर तो खाटेवरून उठेना, आणि आपल्या पायानं हिंडणारा माणूसच त्या चाचणीत घेतात. त्याचं नाव चाचणीतून काढलं. दिवाळी त्यानं पाहिली नाही. औषधानं तो वाचला असता असं कुणीच म्हणालं नाही. डॉक्टर नाही, लेकही नाही. चार महिने वाढले असते, नाहीतर तेही नाही. पण मशीननं काय ते ठरवायच्या आधीच मी ठरवून टाकलं.

आता पिवळ्या डोळ्यांचं माणूस आलं की मी पाला देत नाही, आधी सोनोग्राफी कर म्हणून हाकलते. गाव म्हणतं, बाई शहाणी. भाची दवाखान्यात सांगते, आमच्या आत्यामुळं माणसं वेळेवर येतात. मी ऐकून घेते. एकदाच तिनं विचारलं होतं, "आत्या, तेव्हा तुम्ही खरंच काही दिलं नव्हतं ना?" मी तिलाही न्हाई म्हणाले.

हे लिहायला पाहिजे होतं तिला. तिचा पत्ता मला पाठ आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून विचारणार नाही. हा कागद तिच्या हाती मी लागू देणार नाही. आणि एक, तुमची ताकीद आड आली असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं आहे, आबा. त्या खोलीत तुमची आठवणसुद्धा आली नव्हती. तो कोवळा डॉक्टर आपल्या पाल्याला हसेल, एवढंच मला वाटलं होतं.