पुढच्या बसचं बटण

३ तारीख, सोमवार. सकाळी.
काल इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सत्तावीस तारखेला! नोकरी जाऊन सहा महिने झाले हे इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून गेलो. असो. अर्जात मी लिहिलंय की शहरातल्या बसच्या वेळा सांगणारी वेबसाइट, जी स्वयंसेवक मंडळी फुकटात चालवतात, तिचा कोड मुख्यतः मी लिहितो. हे खोटं नाही. फक्त अजून घडलेलं नाही. कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही दुरुस्ती पाठवावी, मंजूर झाली की 'हातभार लावणारे' या पानावर त्याचं नाव चढतं. बायकोला कालच सांगितलंय की सत्तावीसच्या आत माझं चढणार. आजपासून रोज कोड.

४, मंगळवार.
नवख्यांसाठी राखून ठेवलेली सोपी कामं बघितली. एकच होतं. छोट्या फोनवर 'पुढची बस' हे बटण खालच्या पट्टीमागे दडतं. 'खिडकीची सीट' असं टोपणनाव घेतलेल्या कुणी कालच तक्रार केलीय. फोन कुठला, अक्षरं किती मोठी केलीत, सगळं फोटोसकट. काय एकेकाला रिकामा वेळ असतो! बायकोचा फोनही तसलाच, रडगाणंही हेच. "हे मी करतो" अशी कमेंट टाकली. आता दुसरं कुणी हात लावणार नाही. बायकोला सांगितलं, आठवड्यात बटण दिसेल. ती म्हणाली, बरं.

११, मंगळवार.
दिसलं नाही. कारण कोड आधी वाचायला हवा, आणि वाचवत नाही. कुणी ओळ इकडून सुरू करतो, कुणी तिकडून. असल्या घरात मी बटण लावणार नाही. आधी घर आवरणार.
साडूचा फोन. बढती मिळाली म्हणे. मीही सांगितलं की मोठं काम अंगावर घेतलंय. अंगावर हा शब्द बरोबर आहे.

१४, शुक्रवार. दुपारी.
पाठवली दुरुस्ती! बटणाची ओळ एकच, पण कोड लिहायच्या एडिटर-प्रोग्रॅमला सांगून बाकीच्या चारशे फाइलीही नीटनेटक्या करून दिल्या. पाठवल्या क्षणी उत्तर: "तुमचं मनापासून स्वागत!" डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होते बिचारे.

१६, रविवार.
ते स्वागत यंत्र करतं म्हणे, सगळ्यांचंच. आज तिथल्या मुख्य माणसानं लिहिलं. फोटोच्या जागी घुबड आहे, म्हणून मी त्याला घुबड म्हणतो. म्हणतो, आभार, पण चारशे फाइलींत तुमची ओळ शोधणार कोण? आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो, तेवढी एक ओळच पाठवा. नोकऱ्या सांभाळून! मुद्दाम टोचलं. दीड पानाचं सडेतोड उत्तर दिलं.

१९, बुधवार.
घुबड गप्प. मी सकाळी आठवण केली, मग त्या आठवणीची आठवण केली.
बायकोची बस पुन्हा चुकली. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरला असते. पेशंट दारात ताटकळले, डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर बोलल्या. सध्या घर तिच्या एकटीवर चाललंय. घरी येऊन ती मला काहीच बोलली नाही, भाजी चिरत बसली. चार शब्द सुनावले असते तर मलाही भांडता आलं असतं.

२२, शनिवार.
घुबडाचं ऐकलं. एकच ओळ पाठवली. लाल फुली! बटण खरंच दिसतं का हे बघणारी आपोआप चालणारी तपासणी आहे, तिथे अडकली. मग ती तपासणीच काढून टाकली. सगळं हिरवंगार. याला म्हणतात अनुभव.

२३, रविवार.
घुबडाचं उत्तर: तपासणी काढल्यानं बटण दिसायला लागत नाही, ते दिसत नाही हे फक्त दिसेनासं होतं. आणि माझी दुरुस्ती नाकारून बंद केली.
मला भीती वाटतेय. आज पहिल्यांदा लिहितोय हे. खाली कमेंट टाकली: "दादा, कसंही करून नाव तेवढं चढवा, सत्तावीसला इंटरव्ह्यू आहे." पुसून टाकावीशी वाटली, पण न जाणो, त्याला दया आली तर?

२६, बुधवार.
बटण दिसायला लागलं! घुबडानंच लावलं, आणि ते 'खिडकीची सीट' कोण आहे त्यानं फोनवर तपासून दिलं. बायकोला बस मिळाली. चालना माझीच. घुबडाला कळत असेल तर उद्या सकाळपर्यंत नाव चढेल.

२७, गुरुवार.
नाही चढलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी साइट माझ्यासमोरच उघडली. 'हातभार लावणारे'मध्ये बघितलं, मग नाव टाकून सगळीकडे शोधलं. एका ठिकाणी सापडलं. माझ्या बंद झालेल्या दुरुस्तीखाली. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "दादा"पासून इंटरव्ह्यूपर्यंत. हसल्या असत्या तर बरं. लॅपटॉप हळूच मिटला आणि विचारलं, पाणी हवंय का?
घरी येऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, माझं नाव नाही आणि त्या 'खिडकीची सीट'चं आहे, नुसती तक्रार केली म्हणून! ती म्हणाली, ते मीच आहे. तू रविवारी म्हणालास ना, तिथे काहीतरी सोपं मिळायला हवं. म्हणून सोमवारी मी ती तक्रार लिहिली, नवख्यांसाठी राखून ठेवा असंही कळवलं. त्या माणसाला तीनदा सांगितलं, अजून थांबा, तो करेल. परवा मात्र म्हटलं, आता तुम्हीच करा.
तिनं बूट काढले, पाय चोळले. एकच ओळ होती रे, म्हणाली. मग उद्याची बस बघायला फोन काढला. बटण दाबलं, आणि वेळ लगेच दिसली.